सात नंबरची बॅटरी

सातवा डब्बा पुन्हा गप्प झाला, तेव्हा प्रफुलने खुर्चीतून न उठताच हाक मारली, "काका, बॅटरी!"

कवडू दारातच बसला होता. ठेकेदाराकडचा माणूस, साठीला टेकलेला. भट्टीच्या गॅस-पाइपालगत असे बारा डब्बे बसवले होते. दर दहा सेकंदांनी हवेतला विषारी वायू मोजायचा आणि आकडा बिनतारी खाली कंट्रोल रूममध्ये पाठवायचा, एवढंच त्यांचं काम. आकड्याचं पॅकेट आलं की भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर त्या डब्ब्याचा दिवा हिरवा होई, नाही आलं की काळा; आकडे मात्र फक्त प्रफुलच्या कॉम्प्युटरवर दिसत. पॅकेटं पकडणारा प्रोग्राम प्रफुलने लिहिला होता. अकरा डब्बे शहाण्यासारखे वागत, सातवा आडमुठा. पंधरा दिवसांत तो नऊ वेळा गप्प झाला आणि नऊ वेळा कवडू चाळीस पायऱ्या चढून वर गेला.

"कालच त बदलवली, बाबू," कवडू म्हणाला. "तिथं गेलो का डोस्कं फाटते माहं. मले त गॅस वाटून राहिला."

"गॅस असता त आकड्यात दिसला नसता काय? सेन्सर झूठ नहीं बोलता, काका. मोहाची जरा कमी करा."

कवडू थेंबालाही शिवत नसे, हे प्रफुलला ठाऊक होतं. पण चार वाजता शरच्चंद्र साहेब पाहुणे घेऊन येणार होते. त्यांना बाराही दिवे हिरवे दिसले तर प्रफुलची नोकरी पक्की. अशा वेळी राग काढायला कुणीतरी लागतंच.

टेबलावर चार नवेकोरे मास्क मांडून ठेवले होते. कवडूने एकाला बोट लावलं.

"एक नेऊ का?"

"ते गेस्टचे आहे. बॅटरी बदलवाले चालले तुम्ही, चांद पे नहीं."

कवडू ओशाळं हसला. नियमाप्रमाणे मोबाइल ट्रेमध्ये ठेवला, बॅटरी खिशात घातली आणि गेला.

पावणेचार झाले. दिवा काळाच. आता प्रफुलचा धीर सुटला. इतके दिवस तुटकी पॅकेटं प्रोग्राम परस्पर फेकून देत होता. कचरा कोण उपसत बसतो? आज पहिल्यांदाच त्याने ती न फेकता जशीच्या तशी समोर उमटवली.

पॅकेटं तुटकी नव्हतीच. सुरुवात बरोबर, शेवट बरोबर, डब्ब्याचा नंबर बरोबर. फक्त एक अक्षर जास्त. आकड्यासाठी प्रफुलने दोनच घरं ठेवली होती. नेहरू नगरच्या आपल्या भाड्याच्या खोलीत उदबत्तीचा धूर देऊन त्याने डब्बा तपासला, तेव्हा आकडा चौसष्टवर थांबला होता. शंभराच्या पुढे कोण जातंय, असं म्हणून त्याने हात झटकले होते. आता सातवा डब्बा तीन आकडी बोलत होता आणि प्रोग्राम त्याला लांबी जास्त म्हणून हाकलून देत होता.

२१२. २६०. ३१८.

भिंतीवर पाटी होती: शंभर झाले की माणसं खाली आणा.

गॅस वाढला की डब्बा गप्प व्हायचा. आणि डब्बा गप्प झाला की आपण म्हाताऱ्याला नेमकं तिथेच पाठवायचो. नऊ वेळा. आजची दहावी.

आधी त्याने दोन घरांची तीन केली आणि प्रोग्राम पुन्हा चालू केला. मिनिटभर लागलं असेल. सातवा दिवा हिरवा झाला. मग त्याने फोन लावला.

समोरच्या ट्रेमध्ये कवडूचा मोबाइल थरथरू लागला. त्यावर 'बाबू' एवढंच नाव उमटलं होतं.

४७१. ५३६.

प्रफुलने टेबलावरचा एक मास्क ओढला आणि दाराकडे धावला. दारात शरच्चंद्र साहेब होते, मागे कडक इस्त्रीतले तीन पाहुणे. त्याने साहेबांना खांद्याने ढकललं आणि तो जिन्याकडे सुटला. वरून कुणाच्या पावलांचा आवाज येत नव्हता.

साहेब आधी चिडले. मग त्यांची नजर भिंतीवरच्या स्क्रीनकडे गेली. बाराच्या बारा हिरवे. त्यांचा चेहरा खुलला.

"अरे प्रफुल, पळतोस कुठे?" ते मागून ओरडले. "सातवा आला की! म्हाताऱ्याने अखेर बॅटरी नीट बसवली म्हणायची!"