फुकटची लादी

कारखान्यांच्या विजेचा दर वर्षात तिसऱ्यांदा वाढला, तेव्हा बर्फवाल्या काकांचं कंबरडं मोडलं. बर्फाची फॅक्टरी म्हणजे अष्टौप्रहर वीज खाणारं जनावर! धाकटा भाऊ कधीपासून कानीकपाळी ओरडत होता, "दादा, मयताच्या घरी फुकट लाद्या पाठवणं तरी थांबव."

"अरे, लांबचं लेकरू येईपर्यंत आईला ठेवायचं असतं. त्या बर्फाचे कसले पैसे घ्यायचे?" काका प्रत्येक वेळी हेच म्हणायचे.

शेवटी फॅक्टरीच बंद झाली.

आणि महिन्याभरात काकू गेल्या. एकुलती एक लेक परदेशात; ती पोचणार दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. धाकट्याने सगळीकडे फोन फिरवले, पण आसपासच्या बर्फाच्या फॅक्टऱ्याही त्याच दरापायी बंद पडल्या होत्या. "दादा, आता फार वेळ ठेवता येणार नाही रे," तो हळूच म्हणाला.

काका उठले. पायात चपला सरकवून फॅक्टरीत गेले. हौद कोरडा ठणठणीत होता, लादी ओढायचा आकडा भिंतीवर गंजत होता. चाळीस वर्षांत कुणाच्या दुःखात त्यांनी बर्फाला नाही म्हटलं नव्हतं, आणि आज स्वतःच्या घरी पाठवायला एक तुकडा नव्हता.

डोळे पुसून ते घराकडे वळले, तर दारापासून गल्लीच्या तोंडापर्यंत माणसांची रांग लागली होती.

प्रत्येकाच्या हातात आपापल्या घरच्या फ्रीजमधला बर्फाचा ट्रे होता.