सूर्याच्या उजव्या हाताला

“सूर्याच्या उजव्या हाताला श्रेया म्याडम राहतील,” संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब म्हणाले, आणि बद्रीनाथचा चेहरा पडला.

चूक त्याचीच होती. भाऊसाहेबांच्या एकसष्टीला काहीतरी इंटरनॅशनल पाहिजे असं ठरलं, तेव्हा त्यानंच उत्साहाच्या भरात बॅलेचा इतिहास सांगितला होता. इटलीहून सून म्हणून आलेल्या राणीनं हा नाच फ्रान्सच्या दरबारात रुजवला. पुढं चौदावा लुई सोनेरी पोशाखात स्वतः सूर्य होऊन नाचला. राजाच्या जितकं जवळ, तितका मान मोठा. आणि नाचणाऱ्यांच्या तोंडावर मुखवटे.

“मुखवटे कशाला?” भाऊसाहेबांनी विचारलं होतं.

“रिवाज होता. माणूस दिसायला नको, देव दिसायला पाहिजे.”

“आन् एवढे मोठे सरदार नाचायला तयार कसे झाले?”

“राजानं नादीच लावलं त्यांना, भाऊसाहेब. जागेसाठी आपसात भांडण्यात गुंतले, की बंड करायला सवड कुठली?”

भाऊसाहेब बराच वेळ मिशीवरून बोट फिरवत बसले. मग म्हणाले, “लई अभ्यास हाय सर तुमचा.”

या एका वाक्यावर बद्रीनाथ आठवडाभर तरंगत होता. बिचाऱ्याला कौतुकाची सवय नव्हती.

अकरा वर्षं तो संस्थेच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत होता. म्हणजे दर उन्हाळ्यात घरी, दर पावसाळ्यात पुन्हा नवा अर्ज. बजाजनगरच्या दोन खोल्यांत बायको प्रेरणा कंपनीतून दमून यायची आणि नोकरीबद्दल अवाक्षर काढायची नाही. तिचं ते न विचारणंच त्याला झोंबायचं. यंदा इतिहासाची एक कायम जागा मंजूर झाली होती. ही हुकली तर दुसरी त्याच्या हयातीत निघणार नव्हती. अर्ज पाच, पाचही संस्थेतल्याच तासिकावाल्यांचे. भाऊसाहेबांनी श्रेयासकट पाचही जणांना नाचात ग्रह केलं. सूर्य अर्थातच ते स्वतः.

मुलाखतीचं पत्र आलं. तेवीस तारीख, दुपारी चार. नेमका एकसष्टीचा दिवस आणि नेमकी नाचाची वेळ. बद्रीनाथ पत्र घेऊन धावतच गेला.

भाऊसाहेब हसले. “अध्यक्षाबिगर निवड समिती बसती का सर? मीच स्टेजवर नाचायलो, तर मुलाखत घेणार कोण? पुढची तारीख कळवू की.”

म्हणणं बिनतोड होतं. नियम बद्रीनाथला पाठ होते. अध्यक्षांशिवाय समितीला काही करताच येत नाही. तो निर्धास्त झाला आणि तालमीला लागला.

चाळिशीतली माणसं टाचेला टाच लावून, पावलं बाहेर वळवून सभागृहात फिरू लागली. पाचांतले सोमनाथ सर तर वैजापूरहून रोज बसनं यायचे आणि गुडघ्याला पट्टी बांधून नाचायचे. भाऊसाहेब दोनदाच आले. एरवी मधल्या जागी शिपाई कडुबाला उभं करत आणि त्यालाच मुजरे ठोकून सगळे हसत. पण कोण कुठं उभं राहणार यावरून रोज धुसफूस. उजव्या हाताला जो, तोच कायम होणार, अशी बोलवा होती.

“माझ्या जागेवर डोळा हाय ना सर तुमचा?” श्रेयानं एकदा विचारलंच.

“छे हो म्याडम.”

“असला तरी चालतंय. तुमच्याच नोट्स वाचून मी नेट पास झाले. मी इसरले नाय ते.”

बद्रीनाथला भरून आलं. त्या दिवसापुरता त्यानं जागेचा विचार सोडून दिला.

तेवीस तारखेला सकाळी तिचाच फोन आला. “सर, पाय मुरगळलाय. टाच टेकवत नाय. भाऊसाहेबांना सांगितलंय मी. माझी जागा तुम्ही घ्या.”

“अरेरे,” तो म्हणाला. फोन ठेवला आणि त्याला हसू आवरेना. लाज वाटली, पण आनंद लाजेहून मोठा होता.

“यंदा होतंय बघ,” तो प्रेरणाला म्हणाला.

तिनं भरत आणलेला डबा बाजूला ठेवला. “मग मी पण येते बघायला. आज सुट्टी टाकते.”

साडेतीनला सगळ्यांचे मोबाइल काढून घेतले, नाचताना वाजायला नकोत म्हणून. मुखवटे चढले. पडदा उघडला तेव्हा सोनेरी झगा, पिसांचा मुकुट आणि सोनेरी मुखवटा ल्यालेला सूर्य मधोमध उभा होता. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

बद्रीनाथ जीव ओतून नाचला. राजाकडं पाठ करायची नाही, हा दरबारी नियम त्यानं पाऊण तास पाळला. तिसऱ्या रांगेत प्रेरणा कधी नव्हे ती हसत होती. शेवटी त्यानं गुडघा टेकला, मान झुकवली. सूर्याचा हात त्याच्या डोक्यावर आला, आणि अकरा वर्षांचं सगळं मुखवट्याच्या आत गालांवरून वाहू लागलं.

पडदा पडला. सूर्य विंगेत जाऊन खुर्चीत धपकन बसला. बद्रीनाथनं मागोमाग जाऊन त्याचे दोन्ही पाय धरले.

“भाऊसाहेब, आता माझ्या मुलाखतीचं तेवढं बघा.”

सूर्यानं घाईघाईनं पाय मागं घेतले आणि मुखवटा काढला. आत घामानं निथळणारा कडुबा होता.

“पाया काय पडायलात सर? भाऊसाहेब चार वाजल्यापासून हापिसात मुलाखती घ्यायलेत. मी झगा घालून निघालो तवा दारात श्रेया म्याडम एकट्याच बसल्या व्हत्या.”