तीन खाचांची कुऱ्हाड

"सत्याग्रही? मी कायचा सत्याग्रही, बाबू? मी त चोर होतो," दोरी वळता वळता सेवकराम म्हणाला.

ताराचंदचा पेन वहीवर थांबला. साकोलीहून पहिल्या एसटीनं तो लाखांदूरला आला होता आणि तिथून दोन कोस धानाच्या बांध्यांतून चालत या म्हाताऱ्याच्या लेकीच्या घरी. ते काही हे ऐकायला नाही. सोमवारी त्याला एम.फिल.चा प्रबंध द्यायचा होता. विषय, आपल्या गावातला सन तीसचा जंगल सत्याग्रह. प्रबंध पास झाला तर कॉलेजातली नोकरी पक्की. नाहीतर जूनपासून घरचा नांगर होताच.

साक्षीदारांचा तोटा नव्हता. सन तीसमध्ये गावात घरं चाळीस, आणि आपण जेल भोगली असं सांगणारे म्हातारे निघाले एकेचाळीस. त्यातले दोघे तर तेव्हा पाळण्यात होते. जेलातल्या डाळीची चव सगळ्यात तपशिलानं तेच सांगत. मार्गदर्शक मधुकरराव मात्र वस्ताद. "एकेचाळीस तोंडं नकोत मला. एक कागद आणा," म्हणाले. ताराचंदनं पंधरा दिवस जुन्या दप्तरातली धूळ खाल्ली. एकेचाळिसांपैकी एकाचंही नाव मिळालं नाही. मिळालं ते भलतंच, गावात कुणी कधी न घेतलेलं. सेवकराम, जंगल कायदेभंग, सहा महिने सक्तमजुरी.

चौथं प्रकरण तर घरचंच होतं. ताराचंदचे आजोबा श्यामराव त्या काळी गावचे पाटील. दिवसा सरकारची पाटीलकी करायची आणि रात्री सरकारी जंगलात झाड पाडून सरकारचाच कायदा मोडायचा, असा त्यांचा दुहेरी पराक्रम घरात सांगितला जाई. आजोबा गेले, पण ती कुऱ्हाड अजून बैठकीत खिळ्याला होती. दर पंधरा ऑगस्टला तिला हार पडे. तिच्या दांड्यावर तीन खाचा होत्या आणि त्या तीन खाचांवर ताराचंदनं साडेचार पानं लिहिली होती. पहिली खाच सत्याची, मधली अहिंसेची, तिसरी स्वदेशीची. कुऱ्हाडीवर अहिंसा कशी काय चढली, हे मधुकररावांनीही विचारलं नाही. त्यांना ती पानं फार आवडली होती.

"पण बाबाजी, कागदावर तर कायदेभंग लिहिलं आहे," ताराचंद काकुळतीला येऊन म्हणाला.

"लिवनारानं लिवलं. घराच्या आड्याले लाकूड पाह्यजे होतं. एक साग तोडला अन् सापडलो. तवा वरून हुकूम आला होता, गावागावातून सत्याग्रही धरून आना. आमच्या गावात त औषधालेही कोनी नव्हता. मंग मलेच नेलं. गांधीबाबा कोन, हे मले जेलात गेल्यावर समजलं."

ताराचंदनं पेनाला टोपण लावलं. एकेचाळीस गेले, आता हा बेचाळिसावाही गेला. पण बुडत्याला काडीचा आधार. निदान आजोबांच्या कुऱ्हाडीला एक साक्षीदार मिळाला तर चौथं प्रकरण तगलं असतं. त्यानं पिशवीतून फोटो काढला.

"ही कुऱ्हाड तरी त्या वेळी पाहिल्याचं आठवतं का?"

म्हाताऱ्यानं फोटो उन्हात धरला. हातातली दोरी खाली पडली. मग तो खाचांवरून बोट फिरवू लागला, हळूहळू, एकेका खाचेवरून.

"ही माह्या धुरपताची. जिच्या आंगनात बसले तुमी, तिची. ही शेवटची ईश्वरची, तो तवा पाळन्यात होता. लेकरू झालं का मी एक खाच मारत होतो." बोट मागं आलं आणि मधल्या खाचेवर थांबलं. "अन् ही तेजरामची. मी जेलात होतो तवा तापानं गेला. दोन वर्साचा होता. त्याची दुसरी कोनतीच निशानी घरात नाही, बाबू."

ताराचंदनं वही मिटली.

"पाटलानं मले धरलं तवा ठेवून घेतली. सरकारजमा होते म्हने. पन्नास वर्स झाले. तुमाले कोठी भेटली? मले वापस भेटन का?"

आपण कुणाचे नातू, हे ताराचंदनं सांगितलं नव्हतं. आताही सांगितलं नाही. "चौकशी करतो," म्हणाला आणि फोटो पिशवीत घातला. त्याला लाज वाटली. अगदी खरी लाज वाटली. लाखांदूरचा स्टँड येईपर्यंत वाटत होती.

सोमवारी प्रबंध गेला. चौथ्या प्रकरणात फक्त एका तळटिपेची भर पडली होती. 'सदर कुऱ्हाड सत्याग्रही सेवकराम यांनी छायाचित्र पाहताच ओळखली. त्या वेळी त्यांच्या हातातील दोरी गळून पडली.' त्यातलं दुसरं वाक्य तर अक्षरशः खरं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकी तीच तळटीप मोठ्यानं वाचून दाखवली आणि पुरावा असा असावा म्हणाले. नोकरी पक्की झाली.

त्या पंधरा ऑगस्टला ताराचंदनं सुताराकडून काचेची पेटी करून आणली. कुऱ्हाड आत ठेवली, वरून हार घातला आणि पेटीला चांगलं पितळी कुलूप लावलं. आई, कुंताबाई, दारात उभी राहून बघत होती.

"काहून रे? एवढे वर्स त खिळ्यालेच होती. आताच कुलूप कायले?"

ताराचंदनं कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली खिशात टाकली.

"चोऱ्या लय वाढून राहिल्या, माय."