घरच्यापुरतं मशीन

“आवाज फार करतंय हो,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी कापड मशीनखालून ओढून घेतलं.

दुकानदारानं मशीनला लोंबणारा दोरा कात्रीनं कापला. चौथा दिवस आणि चौथं मशीन. पहिलं जड, दुसऱ्याचा टाका सैल, तिसऱ्याचा दिवा डोळ्यांवर येतो, आणि आता हे आवाज करतंय. शिलाई मशीनच ते, आवाज करणारच. अंगाई थोडीच गाणार आहे?

पण तोंड उघडून चालणार नव्हतं. दीड महिन्यात सुया, बॉबिन आणि तेलाच्या बाटल्यांपलीकडे दुकानातून काही हललं नव्हतं. रविवारी मेहुणीचं लग्न. सासरे चारचौघांत विचारणार, “काय जावईबापू, खपतात का मशीनं?” आणि आपल्या लाकडाच्या वखारीत कारकुनाची जागा रिकामी आहे, हेही आठवणीनं सांगणार. रविवारच्या आत एक, निदान एक तरी मशीन विकायचंच, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. आणि मशीन बघायला म्हणून दुकानाची पायरी चढणारी ही एवढी एकच बाई होती.

“ताई, तुम्हाला नेमकं शिवायचंय तरी काय?”

“काही नाही हो, घरच्यापुरतं. पण आयुष्यात एकदा घ्यायची वस्तू. पारखून नको घ्यायला?”

पारखत मात्र त्या मनापासून होत्या. पहिल्या दिवशी त्यानं चाचणीसाठी चिंधी पुढे केली, तर ती त्यांनी बाजूला सारली. चिंध्यांवर सगळीच मशीनं शहाण्यासारखी वागतात, म्हणाल्या. मग आपल्या पिशवीतून जांभळं, पांढऱ्या ठिपक्यांचं कापड काढलं आणि लांबच्या लांब दोन शिवणी मारल्या. दुसऱ्या दिवशी गोलाई कशी वळते ते पाहिलं, तिसऱ्या दिवशी चुण्या. हात असा सफाईदार, की चिडलेला असूनही तो बघत राहायचा.

तेवढ्यात बायकोचा फोन आला.

“अहो, माझ्या ड्रेसचा अजून पत्ता नाही! शिवणारी नुसती आज देते, उद्या देते करतेय. सख्ख्या बहिणीच्या लग्नात जुनाच घालून मिरवू का?”

“मला काय सांगतेस? इथे माझ्या डोक्याला ताप कमी आहे का?” त्यानं आवाज खाली आणला. “एक बाई चार दिवस झाले डोकं खातेय.”

“मग सरळ वाटेला लावा.”

“वाटेला लावू आणि तुझ्या बाबांना काय सांगू?”

फोन ठेवून त्यानं शेवटचा डाव टाकला. काचेच्या कपाटातलं, आजवर कुणाला हात लावू न दिलेलं मशीन काढून टेबलावर ठेवलं.

“हे बटणाचं काज स्वतःच करतं.”

“खरंच?” बाईंचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. त्यांनी पिशवीतून कापडाची कड तेवढी बाहेर काढली. “तुम्हीच करून दाखवा बघू.”

त्यानं कापड लावलं. चार दिवसांच्या वैतागानं हात जरा हलला आणि काज तिरकं झालं. बाईंच्या कपाळावर आठी आली.

“माझी चूक, मशीनची नाही,” तो घाईनं म्हणाला.

“एखादं कुणीही करेल. ओळीनं सारखी येतात का बघू.”

पुढची चार त्यानं श्वास रोखून केली. एकालाही नाव ठेवायला जागा नव्हती. बाईंनी कापड उजेडात धरून न्याहाळलं.

“सुंदर!”

“मग बांधू?”

“घरी एकदा विचारते. उद्या सांगते.” त्यांनी कापडाची नीट घडी घालून पिशवीत ठेवली.

उद्या आला, बाई आल्या नाहीत. शनिवारीही संध्याकाळपर्यंत त्याची नजर रस्त्याला चिकटून होती. शेवटी त्यानं शटर इतक्या जोरात ओढलं, की शेजारचा चष्मेवाला दचकून बाहेर आला.

रविवारी सकाळी तो बुटाची नाडी बांधत सासऱ्यांना द्यायचं उत्तर जुळवत होता. एकही धड जुळत नव्हतं. इतक्यात बायको आतल्या खोलीतून बाहेर आली आणि त्याच्यासमोर एक गिरकी घेऊन उभी राहिली.

“बघा तरी! बिचारीचं मशीन महिनाभर बंद पडलंय, पण कुठून कुठून शिवून शेवटी दिलाच ड्रेस. आणि काजं किती सुबक, बघा!”

त्यानं मान वर केली. जांभळ्या कापडावर, पांढऱ्या ठिपक्यांमधून, पाच काजं ओळीनं खाली गेली होती, आणि गळ्याजवळचं पहिलं जरासं तिरकं होतं.