चौथ्या गाण्यातली जागा

चौथ्या गाण्याच्या मध्यावर गिटार एकदम थांबली. ड्रम आणि बेस तेवढे पुढे जात राहिले. तिच्या हातातली कवळी घासायची राहून गेली.

"बंद पडलं का गं?" शेजारच्या टेबलावरून काकांनी विचारलं. दातांची ही लॅब त्यांची. जेवणानंतरच्या तासाभरात ते तिला स्पीकर लावू देत आणि त्याची भरपाई म्हणून मनात येईल ते बोलत. मघाशीच म्हणाले होते, "हा माणूस गातोय, की भूल न देता याची अक्कलदाढ काढतायत?"

"चालू आहे, काका."

गिटार परत आली, घोगरा आवाज परत आला आणि गाणं धाडकन संपलं. तिने ते पुन्हा लावलं.

थ्रॅश आणि डेथ मेटल या कर्कश, वेगवान रॉकचे नवे अल्बम ऐकून त्यांच्यावर लिहिणं हे तिचं दुसरं काम. एका छोट्याशा वेबसाइटसाठी, टोपणनावाने. तळघरात नाहीतर गॅरेजमध्ये वाजवणारी पोरं तिला आपले अल्बम पाठवत. त्यांची नावं जगाला ठाऊक नसत. शेजाऱ्यांना फक्त आवाज ठाऊक असे.

हा अल्बम मात्र पोरांचा नव्हता. गात होता तो घोगऱ्या, ड्रमवर ठोक्या. ही नावं तिनेच ठेवलेली. या बँडची लीड गिटार, गाण्याच्या मधला एकटीचा तुकडा वाजवणारी, एकेकाळी तिच्याकडे होती. बँड मोठ्या शहरात जायला निघाला त्या दिवशी आई अंथरुणाला खिळलेली होती. गाडीच्या खिडकीशी उभी राहून ती बाकीच्यांना म्हणाली होती, "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच मागून." पुढे आई गेली, ही नोकरी लागली, आणि मागून जायचं मागेच पडलं.

ही आपली जुनी माणसं आहेत, हे तिने संपादकाला आधीच सांगितलं होतं. तो म्हणाला, "मग जरा जास्तच कडक लिही."

पण कडक लिहावं असं फारसं काही नव्हतंच. ठोक्याचे पाय पूर्वी ड्रमच्या पेडलवर वेगात अडखळायचे, आता कुठेच अडखळत नव्हते. घोगऱ्या श्वास कुठे घेतो ते कळतही नव्हतं. तिच्यावाचून त्यांचं काही अडलं नव्हतं. तिला आनंद झाला, पण थोडं लागलंही.

पुन्हा ती जागा आली. खाली बेस आणि ड्रम, वर काहीच नाही.

"इथे काहीतरी राहिलंय," काका म्हणाले. आता तेही हातातलं काम सोडून ऐकत होते. "सगळी कवळी झाली आणि समोरचा एक दात बसवायचा राहिला, तसं वाटतंय."

"राहिलं नाही, काका. ठेवलंय."

"कशासाठी?"

तिच्या डाव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर भराभर चालली होती. गिटार परत आली तशी बोटं थांबली. काकांनी ते पाहिलं आणि त्या दिवशी पुढे एकही विनोद केला नाही.

घरी जाऊन तिने लिहायला घेतलं. झांजा फार पुढे आल्यात. शेवटचं गाणं उगाच लांबवलंय. बाकी इतका भरीव अल्बम बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. चौथ्या गाण्याबद्दल एकच वाक्य लिहिलं, तेही दोनदा खोडून: 'मधली रिकामी जागा चुकून राहिली की मुद्दाम ठेवली, हे बँडलाच विचारायला हवं.'

लेख वेबसाइटवर आला आणि दुसऱ्याच दिवशी, ती लॅबमध्ये असताना, फोन वाजला.

"तूच ना गं ही? झांजांवर एवढा राग दुसऱ्या कुणाचा असणार?"

बोलताना घोगऱ्याचा आवाज अगदी मऊ होता, पूर्वीसारखाच. ती फोन घेऊन जिन्यात गेली.

"विचारायला हवं म्हणे," तो म्हणाला. "मग विचार की."

"चुकून राहिली का?"

"स्टुडिओवाला म्हणत होता, कापून टाका, भोक पडल्यासारखं वाटतंय. आम्ही म्हटलं, राहू दे."

खालच्या मजल्यावर कुणीतरी दार लावलं.

"आणि कार्यक्रमात?" तिने विचारलं. "ती जागा आली की काय करता?"

"काय करणार? वाजवत राहतो. मी आपला लोकांकडे बघतो. ठोक्या दाराकडे बघतो."