पायाळूची लाथ

डॉक्टर खानापूरकरांनी निर्मलाच्या पोटावरचा पट्टा तपासला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. महिनाभर खपून पट्ट्याने बाळाचं डोकं खाली आणलं होतं. आज पुन्हा पाय खाली.

"पट्ट्याची कळ उलटी कुणी फिरवली?"

"मी," कमरेत वाकून बसलेल्या द्वारकाबाई म्हणाल्या.

निर्मला सासूकडे पाहतच राहिली. रोज दुपारी पट्टा सारखा करायला येणाऱ्या त्या हातांना ती माया समजली होती.

"हे पट्टे आल्यापासून पायाळू जन्मतच नाही. मी स्वतः पायाळू, गावाच्या उसणी मी लाथ मारून काढल्या. आता माझ्याच कमरेत उसण भरलीय, तर लाथ मारायला पायाळू कुठून आणू?"

"आणि बाळ अडकलं असतं तर?" निर्मलाने विचारलं.

"मी नाही अडकले. माझी आई तुझ्यासारखी नाजूक नव्हती."

"आता वळवायला वेळ नाही. उद्या सिझर करू," डॉक्टर म्हणाले.

"पोट फाडून काढलेल्याला पायाळू म्हणत नाहीत," द्वारकाबाई फणकारल्या.

निर्मलाने पट्टा सोडून सासूच्या मांडीवर टाकला. "लाथच हवी ना, आई? माझे टाके वाळू द्या. मी पायाळू नाही, पण लाथ मला मारता येते."