दुसऱ्या भागाचं मत

"'दुसऱ्या भागात काही घडतच नाही,'" बाटलीतून निघालेला कागद गलबताच्या तांडेलाने वाचून दाखवला.

"काही घडत नाही?" हिराजी खलाशाने लाकडी पाय आपटला. "माशानं पाय नेला माझा! चांगली दोन पानं ओरडलोय मी!"

कादंबरीचा दुसरा भाग धुक्यात संपला, तेव्हापासून त्यांचं गलबत तिथेच उभं होतं. घर तिसऱ्या भागात होतं. तो लिहायचा की नाही, हे लेखक वाचकांची मतं बघून ठरवणार होता. तीच मतं बाटल्यांतून इकडेही वाहत येत.

"'गलबत फार रेंगाळतं.'"

"मग वारा सोडा म्हणावं."

"'तांडेल पहिल्या पानापासून नुसते सुस्कारे टाकतो.'" तांडेलाने तो कागद चुरगाळला. पुढची बाटली त्याने नाइलाजानेच उघडली; अक्षर एका शाळकरी मुलीचं होतं. "'मला फार आवडला. तिसरा येईपर्यंत मी हाच पुन्हा वाचणार.'"

"गुणाची पोर," हिराजीने डोळे पुसले.

तेवढ्यात शीड फुगलं, धुकं विरलं आणि गलबत चक्क हललं.

"तिसरा आला!" तांडेल ओरडला. "घरी चाललो रे!"

हिराजी नाचायला लागला. दोन्ही पायांवर.

तांडेलाने ते पाय बघितले. मग हिराजीनेही बघितले. नाच थांबला.

"पोरीनं दुसराच पुन्हा वाचायला घेतला वाटतं," हिराजी म्हणाला आणि परत आलेला पाय मांडीवर घेऊन चोळत बसला. "तांडेल, ती भराभर वाचणारी असेल का हो?"

तांडेलाने सुस्कारा टाकला. पहिल्या पानावरचा.